विमानाचे शिक्षण, पोलादाचे गाव

'जालना, सोने का पालना' ही म्हण जुनी. जालन्याचे आजचे सोने एमआयडीसीतल्या भट्ट्यांतून सळई होऊन निघते, नाही तर बियाण्यांच्या पाकिटांतून गावोगावी जाते. विमान किंवा रॉकेट या गावाच्या ओळखीत कुठेच नाही. प्रवासी विमान जवळून पाहायचे तर चिकलठाणा गाठावे लागते. तरीही बारावीच्या निकालानंतर मंठा, भोकरदन, अंबडकडच्या घरांतून एक प्रश्न आता ऐकू येतो : पोराला, पोरीला एरोस्पेसला घालायचे का? २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा ज्यांनी शाळेत बसून टाळ्या वाजवल्या, ती मुले आता प्रवेश अर्जांच्या रांगेत आहेत.

प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर चार वर्षे आणि काही लाख रुपये लागलेले असतात. कापूस आणि मोसंबीवर चालणाऱ्या घरात हा पैसा एकदाच उभा राहतो. त्यामुळे 'इस्रोत जायचे आहे ना, मग एरोस्पेसच घे' हा सल्ला ऐकण्यापूर्वी इस्रोची जाहिरात वाचलेली बरी. इस्रोच्या केंद्रीय भरती मंडळाकडून 'शास्त्रज्ञ/अभियंता एससी' या पदासाठी जी मोठी भरती होते, तिच्यात जागा प्रामुख्याने तीन शाखांच्या असतात : इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर सायन्स. किमान ६५ टक्के गुण किंवा १० पैकी ६.८४ सीजीपीए ही अट. या यादीत एरोस्पेसचे नाव शोधणाऱ्या मुलाला धक्का बसतो. एरोस्पेसवाल्यांना इस्रोची दारे आहेत, पण ती वेगळी : तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अंतराळ विभागाची स्वतःची संस्था, आणि वेगवेगळ्या केंद्रांच्या स्वतंत्र जागा, ज्यांत बहुधा पदव्युत्तर पदवी मागितली जाते.

असे का, ते रॉकेट उघडून पाहिले की कळते.

पीएसएलव्हीचे मोठे रूप उड्डाणाच्या क्षणी सुमारे ३२० टन वजनाचे असते. त्यातून ६०० किलोमीटर उंचीच्या ध्रुवीय कक्षेत पोचतात सुमारे १,७५० किलो. म्हणजे एका किलोच्या उपग्रहामागे १८० किलोच्या आसपास रॉकेट जमिनीवरून उचलावे लागते. या १८० किलोंत बहुतेक भाग इंधनाचा. पहिल्या टप्प्यात १३९ टन घन इंधन, २.८ मीटर व्यासाच्या पोलादी नळकांड्यात भरलेले. ते इंधन बनवणे हे रसायनशास्त्राचे काम, नळकांडे बनवणे हे धातुशास्त्राचे, त्याचे सांधे जुळवणे वेल्डरचे, आणि उड्डाणात त्याला सरळ ठेवणे इलेक्ट्रॉनिक्सचे व गणिताचे.

त्यातले नळकांडे जालनेकरांना समजायला सोपे. इथल्या सळईवर 'एफई ५००' असे उमटवलेले असते. त्याचा अर्थ, दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन ताण येईपर्यंत ती कायमची वाकत नाही. रॉकेटच्या कवचाला वापरतात ते मॅरेजिंग पोलाद याच्या तिपटीहून अधिक ताण सोसते. गंमत अशी, की साध्या पोलादाला कठीण करणारा कार्बन त्यात जवळजवळ नसतोच. त्याऐवजी सुमारे १८ टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट, मॉलिब्डेनम, थोडे टायटॅनियम असते. हे पोलाद आधी तुलनेने मऊ असते, म्हणून त्याला घडवता येते, वेल्ड करता येते. मग सुमारे ४८० अंश सेल्सिअसला काही तास ठेवले, की आतल्या आत सूक्ष्म कण तयार होतात आणि ते कणखर बनते. भंगार वितळवून सळई ओढणारी भट्टी आणि हे पोलाद यांच्यात मोठे अंतर आहे, हे खरे. पण ज्या मुलाने वडिलांबरोबर रोलिंग मिलमध्ये लालभडक लोखंड ओढले जाताना पाहिले आहे, त्याला धातुशास्त्राचा तास परका वाटणार नाही. इस्रोच्या रॉकेटांची अशी कवचे इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनली आहेत, आणि 'विकास' इंजिने मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातून गेली आहेत.

इंधनाची गोष्टही मराठी माणसाची आहे. पुण्यात १९३३ साली जन्मलेले वसंत गोवारीकर रासायनिक अभियंते. बर्मिंगहॅम विद्यापीठातून डॉक्टरेट करून ते परतले आणि थुंब्याच्या केंद्रात घन इंधनाच्या कामाचे प्रमुख झाले. पुढे १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. विमानविद्येची पदवी त्यांच्याकडे नव्हती. जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे जुन्या यूडीसीटीचे, मराठवाडा केंद्र आहे. रॉकेटच्या इंधनाकडे जाणारा एक रस्ता गावातूनच निघतो, आणि करिअर मेळाव्यात तो सहसा कोणी दाखवत नाही. पुण्याची एचईएमआरएल ही संरक्षण प्रयोगशाळा तर स्फोटके आणि प्रणोदके याच विषयाला वाहिलेली आहे.

मग एरोस्पेस कोणी शिकावे?

ज्याला विमान किंवा रॉकेट हे पूर्ण यंत्र म्हणून समजून घ्यायचे आहे, त्याने. पहिले वर्ष सगळ्या अभियांत्रिकी शाखांसारखेच : गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, ड्रॉइंग. नंतर चार खांब उभे राहतात. हवा पंखाभोवती कशी वाहते ते वायुगतिकी, सांगाडा भार कसा सोसतो ते रचनाशास्त्र, इंजिन धक्का कसे देते ते प्रणोदन, आणि यंत्र हवेत स्थिर कसे राहते ते उड्डाणगतिकी व नियंत्रण. चारही ठिकाणी कॅल्क्युलस आणि डिफरन्शियल समीकरणे सोडत नाहीत. विमानांची चित्रे आवडतात पण गणित नकोसे वाटते, अशा मुलाने ही शाखा घेऊ नये. हे स्पष्ट सांगणारे कमी भेटतात.

या विषयाचा स्वभाव कळायला दोन उदाहरणे पुरतील. छताचा पंखा महिनोन् महिने गरगरतो, तरी त्याच्या पात्यावर धूळ साचते. वाऱ्याने ती उडून का जात नाही? कारण पात्याला चिकटून असलेला हवेचा अगदी पातळ थर पात्याबरोबरच फिरतो. धुळीच्या दृष्टीने तिथे वारा जवळजवळ नसतोच. हा सीमास्तर १९०४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी मांडला. विमानाच्या पंखावरही तोच थर असतो. तो पंखाला धरून राहिला तर विमान तरंगते, सुटला तर उचल एकदम कमी होते. पंखाचा आकार म्हणजे या थराची मनधरणी.

दुसरे उदाहरण बाइंडिंग तारेचे. सळया बांधणारा कामगार तार तोडायला पक्कड शोधत बसत नाही. चार-पाच वेळा मागे-पुढे वाकवतो, तार तुटते. एका वाकवण्याने तुटली नसती. याला धातूचा थकवा म्हणतात. विमान उंच जाते तेव्हा आतल्या हवेच्या दाबाने त्याचे शरीर किंचित फुगते, उतरल्यावर पूर्ववत होते. प्रत्येक फेरीला एकदा 'वाकवणे' झाले. १९५४ मध्ये 'कॉमेट' या ब्रिटिश जेट प्रवासी विमानाचे दोन अपघात काही महिन्यांच्या अंतराने झाले, तेव्हा तपास करणाऱ्यांनी एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत बसवले आणि आतला दाब पुन्हा पुन्हा वाढवून-उतरवून पाहिले. शेवटी पत्रा फाटला, तो छिद्रांच्या कोपऱ्यांशी जिथे ताण एकवटतो तिथे. विमानाच्या खिडक्यांचे कोपरे आज गोल असतात, त्यामागे हा धडा आहे.

मग सगळेच जाड का करत नाहीत? कारण वजन. लिफ्टच्या दोरखंडांना लागणाऱ्या भाराच्या कित्येक पट ताकद देता येते. विमानात हे परवडत नाही. उड्डाणात येऊ शकणाऱ्या सर्वाधिक भाराच्या फक्त दीडपट भार सांगाड्याने सोसावा, असा नियम आहे. एवढ्या कमी राखीव ताकदीवर माणसे नेता यावीत म्हणून भार किती येणार हे अचूक काढावे लागते, चाचण्या घ्याव्या लागतात आणि प्रत्येक सुट्या भागाची नोंद ठेवावी लागते. एरोस्पेस शाखा चार वर्षे हीच शिस्त शिकवते.

प्रांटल यांच्याकडे शिकलेला एक विद्यार्थी कोल्हापूर जिल्ह्यातला होता. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म १९०८ चा, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावचा. भारतात विमानविद्येची पदवी मिळत नव्हती त्या काळात ते जर्मनीत गटिंगन विद्यापीठात गेले आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये विमान अभियांत्रिकी विभाग सुरू झाला, तेव्हा सुरुवातीच्या अध्यापकांत ते होते. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरूत काढलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत, म्हणजे आजच्या एचएएलमध्ये, त्यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान रचले. ते १९५१ मध्ये उडाले. 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमानही त्यांच्याच गटाचे, त्याचे पहिले उड्डाण १९६४ चे. हवाई दलाच्या कित्येक वैमानिकांनी पहिले धडे या विमानांवर गिरवले. घाटग्यांचे नाव मात्र पाठ्यपुस्तकांत शोधावे लागते.

प्रवेश आणि पैसा

मुंबई आयआयटीत एरोस्पेसचा विभाग आहे. कानपूर, खरगपूर, मद्रास इथेही आहे. वाट जेईई अॅडव्हान्स्डची. आयआयएसटीलाही तीच परीक्षा लागते, पण तिची प्रवेश प्रक्रिया स्वतंत्र असते. आयआयटीसाठीच्या सामाईक समुपदेशनात पर्याय भरून तिथे जागा मिळत नाही. अर्ज वेगळा करावा लागतो. चंदीगडचे पंजाब इंजिनीअरिंग कॉलेज आणि शिबपूरची आयआयईएसटी इथे जेईई मेनच्या गुणवत्तेवर एरोस्पेस मिळते.

आयआयटीचे शुल्क ऐकून बरेच पालक तिथेच थांबतात. पण अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर इतरांनाही पूर्ण माफी, आणि एक ते पाच लाखांत दोन तृतीयांश माफी मिळते. वसतिगृह आणि मेसचा खर्च उरतो.

खरी अडचण पुढच्या पायरीवर आहे. महाराष्ट्रात आयआयटी सोडली तर एरोस्पेसच्या जागा बऱ्याच अंशी खासगी विद्यापीठांत सापडतात. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्नाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ केले. मात्र खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे घनसावंगीच्या एखाद्या मुलीने छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल घेतले तर शुल्क माफ, आणि खासगी विद्यापीठात एरोस्पेस घेतले तर पूर्ण शुल्क. शाखेच्या नावातला 'स्पेस' हा शब्द कित्येक लाखांना पडू शकतो. कर्ज काढण्याआधी त्या महाविद्यालयाला दोन गोष्टी विचाराव्यात. पवनबोगदा आहे का, आणि असल्यास विद्यार्थी तो स्वतः चालवतात का. मागच्या तीन तुकड्यांतली मुले नेमकी कोणत्या कामावर लागली, हेही विचारावे. नुसती कंपन्यांची नावे पुरेशी नाहीत. एरोस्पेस करून सॉफ्टवेअरमध्ये जाणारे पुष्कळ असतात. त्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी एवढे महाग दार लागत नाही.

आणखी एक घोळ जाहिराती करतात. एरोनॉटिकलची बीटेक पदवी आणि एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचा परवाना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवीवाला विमानाची रचना आणि गणिते करतो. परवानाधारक दुरुस्तीनंतर सही करतो, आणि त्या सहीशिवाय विमान उडत नाही. हा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय परीक्षा घेऊन देते. बी-१ वर्ग यांत्रिक कामाचा, बी-२ इलेक्ट्रॉनिक प्रणालींचा. बीटेक झाले म्हणून परवाना आपोआप मिळत नाही. नागपूरच्या मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचे मोठे केंद्र आहे, तिथे या परवान्याला किंमत आहे. वैमानिक होणे ही तिसरीच वाट. तिच्यासाठी लागणारी कडक वैद्यकीय तपासणी अभियंत्याच्या पदवीला लागत नाही, तेव्हा चष्मा लागला म्हणून अभियंत्याने निराश होऊ नये.

दहावीनंतर आयटीआय किंवा तंत्रनिकेतनात गेलेल्यांचा विचार या चर्चेत कोणी करत नाही, आणि तो तर आधी करायला हवा. इस्रोची केंद्रे फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक अशा आयटीआय झालेल्यांना 'टेक्निशियन बी' म्हणून घेतात, प्रथम श्रेणीच्या डिप्लोमाधारकांना 'टेक्निकल असिस्टंट' म्हणून. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना १९६४ पासून आहे. मिग विमानांपासून सुरू झालेल्या या कारखान्यात पुढे सुखोई-३० बनली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला इथे तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. असा कारखाना रिव्हेट मारणाऱ्या, तारा जोडणाऱ्या, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत धातू कातणाऱ्या हातांवर चालतो. तिथे आयटीआयवाल्यांना अॅप्रेंटिसशिप मिळते.

नासाचे स्वप्न विकणाऱ्यांविषयीही दोन शब्द. अमेरिकेत रॉकेट आणि उपग्रहांचे तंत्रज्ञान शस्त्रास्त्र निर्यातीच्या कायद्यांखाली येते. त्यामुळे तिथल्या बहुतेक अवकाश नोकऱ्या अमेरिकी नागरिक किंवा कायम रहिवासी यांनाच मिळतात. कल्पना चावला चंदीगडहून १९८२ मध्ये एरोनॉटिकलची पदवी घेऊन गेल्या, तिकडे डॉक्टरेट केली, पण अंतराळवीर म्हणून त्यांची निवड झाली ती अमेरिकी नागरिकत्व घेतल्यानंतर. परदेशी शिक्षणाचे कर्ज काढताना हे गणित मांडलेले असावे.

देशात मात्र दार रुंदावते आहे. २०२० नंतर खासगी कंपन्यांना अवकाश क्षेत्र खुले झाले. हैदराबादच्या स्कायरूटने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि चेन्नईच्या अग्निकुलने मे २०२४ मध्ये आपापली छोटी रॉकेटे उडवली. मुंबई आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये काढलेली आयडियाफोर्ज ही कंपनी नवी मुंबईत ड्रोन बनवते. जालन्याच्या शिवारात फवारणीचा ड्रोन फिरताना दिसतो, तोही याच विद्येचा धाकटा भाऊ. बॅटरीच्या वजनापायी तो थोडाच वेळ हवेत राहतो, आणि तो वेळ वाढवणे हा अजून न सुटलेला अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. ड्रोन चालवण्याचा परवाना दहावी उत्तीर्ण आणि १८ वर्षे पूर्ण झालेल्याला प्रशिक्षणानंतर मिळतो.

पदवीच्या शाखेपेक्षा हाताने काय केले याला किती महत्त्व असते, ते २०१६ मध्ये दोनदा दिसले. २२ जूनला पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयं' हा सुमारे एक किलोचा उपग्रह पीएसएलव्हीने कक्षेत सोडला. त्या महाविद्यालयात तेव्हा एरोस्पेसची पदवी नव्हती. वेगवेगळ्या शाखांच्या मुलांनी वर्षानुवर्षे, एका तुकडीने दुसरीकडे सोपवत तो पुरा केला. कक्षेत दिशा धरून राहायला त्यात वीज खाणारी यंत्रणा नव्हती. आतले चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून घेत. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबई आयआयटीचा 'प्रथम' गेला, सुमारे दहा किलोचा, वातावरणाच्या वरच्या थरातले इलेक्ट्रॉन मोजण्यासाठी. तो तिथल्या एरोस्पेस विभागातून उगवलेला. एक एरोस्पेसवाल्यांचा, एक बिगर-एरोस्पेसवाल्यांचा. दोन्ही श्रीहरिकोट्याहूनच उडाले.

ज्यांची जेईई हुकली त्यांच्यासाठी एक वाट फार कमी बोलली जाते. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा धातुशास्त्राची पदवी जवळच्या शासकीय महाविद्यालयातून घ्यायची आणि मग 'गेट' परीक्षा द्यायची. गेटमध्ये एरोस्पेसचा वेगळा पेपर आहे, तो इतर शाखांचे विद्यार्थीही देऊ शकतात. त्यातून आयआयटीत किंवा बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत एरोस्पेसची एमटेक करता येते, आणि त्या काळात दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. चांद्रयान-२ च्या मिशन डायरेक्टर रितू करिधाल यांनी लखनौमधून भौतिकशास्त्रात एमएस्सी केली होती. एरोस्पेस त्यांनी नंतर बंगळुरूला केले. गेटचा अर्ज पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून भरता येतो आणि त्याला वयाची अट नाही.